बाळाचं वाहतं नाक, चोंदलेली रात्र आणि मेडिकलमधलं सिरप

सोलापुरातल्या एका आईने विचारलंय. मुलगा चौदा महिन्यांचा, वजन ९ किलो. चार दिवसांपासून नाक गळतंय. आधी पाण्यासारखं होतं, आता शेंबूड घट्ट आणि हिरवट झालाय. पहिले दोन दिवस ताप होता, आता नाही. दिवसा खेळतो, रात्री नाक चोंदून उठतो, अंगावर पिताना मध्येच सोडून रडतो. मेडिकलवाल्याने सर्दीचं सिरप दिलंय. सासूबाई म्हणतात ओव्याची धुरी द्या, शेजारीण म्हणते अँटिबायोटिक सुरू करा. सासूबाई घरीच विड्या वळतात. थोरली मुलगी पाच वर्षांची, बालवाडीत जाते, तिलाही कालपासून शिंका सुरू झाल्यात. सिरप द्यावं का, आणि बाळाला बरं वाटावं म्हणून घरी काय करता येईल?

ताई, ते सिरप देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आत्ताच.

सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन ही दोन औषधं एकत्र असतात. पहिल्याने गुंगी येते, दुसऱ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि छाती धडधडू शकते. हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, ही सूचना बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. तुमच्या बाटलीवर ती ओळ बारीक अक्षरांत असेल, चष्मा लावून शोधा. पुढे २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याचं सिरप घेतलेली लहान मुलं दगावली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं रसायन निघालं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्टच कळवलं की, दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. भेसळीची भीती बाजूला ठेवली तरी, उत्तम बनावटीचं सिरपही या वयात सर्दी लवकर बरी करत नाही. बाळ गाढ झोपतं म्हणून गुण आला असं वाटतं, ती औषधाची गुंगी असते.

आता हिरव्या शेंबडाचं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया रुमाल उघडून रंग दाखवतात आणि 'इन्फेक्शन वाढलं ना?' असं विचारतात. विषाणूंशी लढायला नाकात पांढऱ्या पेशी गोळा होतात. त्यांतल्या एका विकराचाच (एन्झाइमचाच) रंग हिरवट असतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा, मग हिरवा होतो. साध्या विषाणूजन्य सर्दीतही हे होतंच. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही, म्हणून रंग पाहून ते सुरू करण्यात अर्थ नाही. उलट जुलाब लागतात, अंगावर पुरळ येतं, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध कमी पडण्याची शक्यता वाढते.

सर्दीचा नेहमीचा क्रम सांगतो, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल. पहिले दोन-तीन दिवस पाणी गळतं, शिंका येतात, थोडा ताप असतो. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात त्रासाचा. चौथ्या ते सहाव्या दिवशी नाक घट्ट होतं, चोंदतं. सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत थांबतं. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्याला घाबरायचं नाही. तुमचं बाळ चौथ्या दिवशी हिरव्या शेंबडाचं आणि बिनतापाचं आहे, म्हणजे अगदी वेळापत्रकाप्रमाणे चाललंय. आणि सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे असल्यामुळे लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे दुबळेपणाचं लक्षण नाही. घरात बालवाडीत जाणारं भावंड असेल तर आणखी दोन-तीन वेळा धरा. आपल्याकडे संक्रांतीच्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची गर्दी, धूळ आणि पहाटेचा गारठा एकत्र आले की पुढचा पंधरवडा दवाखान्यातला बाक रिकामा राहत नाही.

बाळाला खरा त्रास कशाचा होतोय? शेंबडाचा नव्हे, बंद नाकाचा. तोंडात स्तन किंवा बाटली असताना श्वास नाकानेच घ्यावा लागतो. नाक बंद असेल तर दोन घोट झाले की सोडून द्यावं लागतं, पोट भरत नाही, म्हणून चिडचिड. झोपेतही तेच. म्हणून औषधापेक्षा नाक मोकळं ठेवणं हेच तुमचं काम, आणि तेही दिवसभर नाही, फक्त पिण्याआधी आणि झोपेआधी.

त्यासाठी मेडिकलमध्ये सलाइनचे नाकात टाकायचे थेंब मिळतात. 'साधे सलाइन ड्रॉप्स द्या' असं सांगून मागा आणि बाटलीवर वाचून घ्या. त्यात फक्त सोडियम क्लोराइड असावं. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सीमेटाझोलिन लिहिलेलं असेल तर परत करा. त्या थेंबांनी नाक पाच मिनिटांत उघडतं, पण तान्ह्या मुलांना ते जास्त झालं तर सुस्ती येते, श्वास मंदावतो. आणि सलग काही दिवस वापरले तर थेंब बंद केल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात, म्हणून एवढं सांगतोय.

टाकायची पद्धत अशी. बाळाला मांडीवर आडवं घ्या, मान किंचित मागे. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब. बाळ रडणार, शिंकणार; शिंकलं तर तुमचं निम्मं काम झालं. एक-दोन मिनिटं थांबा म्हणजे घट्ट शेंबूड सैल होईल. मग मऊ सुती कापडाने टिपून घ्या, किंवा शेंबूड ओढायचा रबरी फुगा वापरा. फुगा आधी दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं, आत खुपसायचं नाही, आणि हळूहळू सोडायचा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका, आतलं अस्तर सुजून नाक उलट बंद होतं. वापरल्यावर फुगा साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवून पालथा वाळवा. अंगावर पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी हे करून पाहा; फरक त्याच दिवशी दिसतो.

रात्री दुकान बंद असेल तर घरी करता येतं: पिण्याचं पाणी एक पेलाभर, म्हणजे साधारण २४० मिली, उकळून गार करा आणि त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, सपाट, शीग न लावता, पूर्ण विरघळवा. बोअरचं पाणी घेऊ नका. आपल्या भागात ते आधीच खारं असतं, मग मिठाचा अंदाज चुकतो. हे पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. आणि एका मुलाच्या नाकाला लागलेली बाटली दुसऱ्याला वापरू नका, थोरलीची वेगळी ठेवा.

सारखं पुसून नाकाखालची कातडी लाल होते, मग हात लावला तरी बाळ किंचाळतं. पुसण्याऐवजी टिपा. जुन्या सुती साडीचे तुकडे धुवून ठेवा, विकतच्या कागदी रुमालापेक्षा मऊ असतात. वरून साधं पेट्रोलियम जेली किंवा चिमूटभर खोबरेल तेल, फक्त बाहेरच्या कातडीला.

कारण नाकात तेल, हा दुसरा विषय. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल किंवा तूप सोडणं, आंघोळीच्या वेळी नाकात फुंकर मारून साफ करणं, हे अजून बऱ्याच घरांत चालतं. तेलाचा थेंब श्वासावाटे फुप्फुसात उतरला तर तो तिथून सहज निघत नाही आणि न्यूमोनियासारखा आजार होतो. ते बंद करा. धुरीही बंद. शेगडीवर ओवा आणि लसणाची सालं टाकून बाळाला धुरावर धरतात तेव्हा ओव्याचा वास येतो खरा, पण नाकात जातो तो कोळशाचा धूर, आणि आधीच सुजलेलं नाक आणखी सुजतं. सासूबाईंचं मन मोडायचं नसेल तर ओवा तव्यावर गरम करून त्याची पुरचुंडी बाळाच्या उशापासून हातभर लांब ठेवा. वास येईल, भाजणार नाही. पुरचुंडी छातीवर शेकायची तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. छातीवर गोल भाजल्याचे डाग घेऊन येणारी बाळं दर थंडीत दिसतात.

कापूर मात्र पुरचुंडीतही नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि पुरचुंडी बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. कापूर असलेले बामही दोन वर्षांखाली लावू नका, नाकाखाली तर नाहीच. जायफळ उगाळून चाटवणं आणि ब्रँडीचा थेंब, दोन्ही नको. हळद-दुधाला माझी हरकत नाही. मध चालेल, कारण बाळ वर्षाच्या वर आहे: रात्री खोकला असेल तर झोपताना अर्धा चमचा. वर्षाखालच्या बाळाला मात्र मध एक बोटभरही चाटवायचा नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. हे शेजारणीलाही सांगा.

वाफेबद्दल सगळे विचारतात. गरम पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला धरू नका. सर्दीला त्याने फार गुण येतो असं दिसलेलं नाही, आणि पातेलं कलंडून भाजल्याच्या घटना नक्की घडतात. आंघोळीच्या वेळी मोरी बंद करून गरम पाणी सोडा, त्या दमट हवेत बाळाला मांडीवर घेऊन पाच मिनिटं बसा, तेवढं पुरे. आणि 'मशीनची वाफ' म्हणजे नेब्युलायझर. तो दम लागणाऱ्या मुलांना औषध पोचवायचं साधन आहे, नाकातल्या सर्दीसाठी नाही. रोज संध्याकाळी दवाखान्यात नेऊन मशीन लावून आणायची पद्धत पडली आहे, ती पैसे घालवणारी आहे.

बाळाला कोमट पाण्याने आंघोळ घाला, पटकन पुसा. कानटोपी, स्वेटर, पायमोजे आणि वर दुलई असा थर चढवून घाम काढू नका. तुम्ही जेवढे कपडे घालता त्यावर एक थर जास्त, एवढंच. सोलापुरात राहून चादरीविरुद्ध बोलणं बरं नव्हे, पण जाड चादर बाळाच्या तोंडावर सरकणार नाही एवढं पाहा. वर्षाखालच्या बाळाच्या डोक्याखाली उशी घालू नये, मान वाकडी होऊन श्वास अडतो; मांडीवर किंवा खांद्यावर थोडं उभं धरलं की त्याला बरं वाटतं.

तापासाठी पॅरासिटामॉल चालतं, पण ते सर्दीचं औषध नाही, ताप १००.४च्या वर आणि बाळ अस्वस्थ असेल तरच द्या. इथे मापाचा फार गोंधळ होतो म्हणून आकडे नीट लिहितो. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या ९ किलोच्या बाळाला एका वेळी ९० ते १३५. बाजारात तीन प्रकार मिळतात. एका सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, त्याचे ५ मिली बाळाला बरोबर बसतात. दुसऱ्या, थोरल्या मुलांच्या सिरपच्या ५ मिलीत २५० असतं; तेच ५ मिली दिले तर दुप्पट डोस झाला. थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १०० असतं, म्हणजे सव्वा मिली पुरे. घरात थोरलीची बाटली असणारच, रात्री अंधारात तीच हाती लागते. दोन डोसमध्ये निदान चार ते सहा तास जाऊ द्या, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नको. चमचा स्वयंपाकघरातला नको, बाटलीबरोबरचं माप वापरा. अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीच द्यायची नाही.

खाण्याचं पथ्य फारसं नाही. अंगावरचं दूध थोडं थोडं, पण वारंवार. भाताची पेज, वरण-भात, ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील, कोमट सार, जे आवडेल ते. केळं, दही, ताक बंद करायची गरज नाही. केळ्याने सर्दी होत नाही, विषाणूने होते. दोन दिवस जेवण कमी झालं तरी चालतं, लघवी कमी झालेली चालत नाही. शेंगदाणे मात्र अख्खे देऊ नका, सर्दी असो-नसो. आपल्या घरांत शेंगा आणि शेंगाचटणी रोजची, आणि खोकत-शिंकत असताना अख्खा दाणा श्वासनळीत जातो. चटणी बारीक कुटलेली, भातात कालवून, चालेल.

आता विड्यांचं. पोटाचा धंदा आहे, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पूर्व भागात आणि कुंभारीच्या घरकुलांत कितीतरी घरं त्यावर उभी आहेत. पण तंबाखूची बारीक धूळ मोठ्यांनाही शिंका आणते, तर ज्याचं नाक सुजलंय त्याला ती आणखी झोंबणारच. तंबाखू चाळणं-झाडणं दाराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला. सूप घेऊन बसायची जागा आणि बाळ झोपायची जागा वेगळी, एकाच खोलीत असाल तर निदान दोन टोकांना. बाळाला उचलण्याआधी हात धुणं आणि वरचा पदर किंवा ओढणी बदलणं. घरात कुणी विडी ओढत असेल तर ती गॅलरीत नव्हे, घराबाहेर. यंत्रमागावरून आलेल्या माणसाच्या कपड्यांवर सुताचा रुवा असतो, त्यालाही हाच नियम. आणि मार्च उजाडला की कूलर लावायच्या आधी त्याचं जुनं गवत बदला. पाणी साचून कुजलेल्या गवतातून बुरशीचा वारा रात्रभर तोंडावर येतो, आणि मग 'उन्हाळ्यात सर्दी कशी?' असं विचारत लोक येतात.

दवाखान्यात कधी न्यायचं, हे नाक पाहून ठरवू नका, श्वास पाहून ठरवा. बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना अंगातलं कापड वर करा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, म्हणजे तो जलद आहे आणि त्याच दिवशी दाखवायचं. ताप असेल तर तो उतरल्यावर पुन्हा मोजा, कारण तापानेही श्वास वाढतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ पीतच नसेल, सगळं ओकत असेल, झटका आला असेल किंवा हलवूनही नीट जागं होत नसेल तर सकाळची वाट पाहू नका: १०८ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा. काही घरांत याला 'डबा झाला' म्हणतात आणि पोटावर डाग द्यायला नेतात. तो न्यूमोनिया असतो, डागण्याने फक्त वेळ जातो. नाकाने घरघर वाजणं म्हणजे मात्र छाती भरणं नव्हे. सलाइन टाकून नाक साफ केल्यावर आवाज गेला तर तो नाकाचाच होता.

याशिवाय दाखवायचे प्रसंग: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप; दहा दिवस उलटूनही नाक तसंच आणि काडीचाही उतार नाही; बरं होत आल्यावर पुन्हा जोराचा ताप; रात्री कान धरून रडणं किंवा कानातून पाणी. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड. दोन ते चार वर्षांच्या मुलांत याचा अर्थ सहसा एकच: आत काहीतरी घातलंय. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचा दाणा, एरवी हरभरा, चिंचोका, मणी. घरी चिमट्याने काढू नका, आणखी आत जातो. आणि दाणा फुगतो म्हणून उशीरही नको. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी असेल तर त्याच तासाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, ती आतून जाळते.

थोरलीचं आता पाहू. ताप नाही, पण रोज सकाळी उठल्या उठल्या शिंकांची रांग, नाक-डोळे खाजणं, पाण्यासारखं नाक, आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालत असेल तर ती अ‍ॅलर्जी, वेगळं दाखवा. कालपासूनच सुरू असेल तर भावाचीच सर्दी, तिलाही सलाइन. पाच वर्षांच्या मुलीला नाक शिंकरता यायला हवं: तोंड मिटून, एक नाकपुडी बोटाने दाबून, दुसरीतून हलकं फुंकायचं. कापसाचा बोळा टेबलावर ठेवून नाकाच्या वाऱ्याने ढकलायची शर्यत लावा, दोन दिवसांत शिकते. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरायला लावू नका, कानावर दाब येतो. तिने बाळाचा पापा घेण्याआधी हात धुवायचे. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं हे खरं, पण हात धुवायला तांब्याभर पाणी पुरतं. झाकणाला भोक पाडलेली एक बाटली मोरीजवळ टांगून ठेवली तर त्याहूनही कमी लागतं.

दोघांचं लसीकरणाचं कार्ड काढून न्यूमोकोकलचे डोस झालेत का ते पाहा. महाराष्ट्रात ही लस २०२१ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. सर्दी ती थांबवत नाही, पण न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणापासून राखते. तुमच्या बाळाचा एखादा राहिला असेल तर आरोग्य केंद्रात विचारा. साधी सर्दी हे लस लांबवायचं कारण नाही.

थोरलीला बालवाडीत ताप उतरून एक दिवस झाला आणि खाऊ-खेळू लागली की पाठवा. नाक पूर्ण थांबायची वाट पाहिलीत तर थंडी संपेपर्यंत ती घरीच बसेल. बाईंना मात्र सांगून ठेवा, आणि दप्तरात दोन सुती रुमाल द्या.